चौकटीवरच्या रेघा

कारूच्या माळावरचं ते घर मालकीणबाईंनी ग्रीताआजीकडून रिकामं करून घेतलं, तेव्हा म्हणाल्या होत्या, "भिंती पडायला आल्यात."

आता तिथं जुनं गाव बघायला येणारे पाहुणे उतरतात आणि आजी त्यांच्यासाठी पाव भाजते. "पाहुण्यांपुढे रडगाणं नको," ही कामाची अट.

आज एका पाहुणीला दाराच्या चौकटीवर उंचीच्या रेघा दिसल्या.

"ही लेना कोण हो, आजी? चौथ्या वर्षानंतर रेघच नाही."

"कुणास ठाऊक, बाईसाहेब. मोठी झाली असेल."

पाहुणीनं आपल्या मुलीला चौकटीला टेकवलं. "हिचीही खूण करा ना."

आजीनं सुरी घेतली आणि आपल्या लेकीच्या शेवटच्या रेघेच्या बोटभर वर नवी रेघ कोरली.