शांतता राखा

गिरणी बंद पडून वीस वर्षं झाली होती. यंदा तिथं संस्कृती आणि पर्यावरण केंद्र उघडलं. आवारात रोपवाटिका आली, आणि कापडाचे माग चालायचे त्या दालनात वाचनालय. ग्रंथपाल बाई भलत्याच कडक, खुर्ची सरकली तरी चष्म्यावरून बघायच्या. त्यांच्या लाडक्या फक्त दोन आजी. दोघी रोज दालनाच्या दोन टोकांना समोरासमोर बसायच्या. तोंडातून ब्र निघायचा नाही.

आज मात्र बाईंना दिसलं, एकीचे ओठ हलताहेत आणि दुसरी पोट धरून हसतेय, तेही आवाज न करता.

बाई हसणाऱ्या आजींपाशी गेल्या. "काय चाललंय?"

"गप्पा. मागांच्या खडखडाटात ऐकू कुठलं यायला? तीस वर्षं एकमेकींचे ओठ वाचूनच बोललो आम्ही."

"म्हणजे रोज गप्पाच चालतात?" बाईंचा आवाज चढला. "मग शेजारी तरी बसा."

"ही माझ्या मागाची जागा, ती तिच्या. दुसरीकडे बसवत नाही."

समोरच्या आजींचे ओठ पुन्हा हलले.

"आता काय म्हणाल्या त्या?"

"म्हणते, बाईंना म्हणावं हळू बोला, लोक वाचताहेत."