दाराआडची छडी

दुसरा फटका ऐकू आला तशी वह्यांची चळत घेऊन निघालेली नवी शिक्षिका थबकली.

मुख्याध्यापिकांच्या खोलीचं दार बंद होतं. कडी नव्हती लावलेली, पण न विचारता आत जायची शाळेत कुणाची छाती होती? पोरं त्यांना पाठीमागे ‘छडीबाई’ म्हणत. नाव उगाच पडलेलं नव्हतं.

बाहेरच्या बाकावर आत नेलेल्या मुलीचे वडील बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर मुलीचं दप्तर.

“बसा ना, मॅडम,” ते दप्तर सरकवत म्हणाले. “पाच मिनिटांचं तर काम.”

“तुमच्या मुलीला मारतायत आत.”

“मीच आणून सोडलंय. गणिताचे मार्क लपवले कार्टीने.” ते हसले. बोलण्यात मोठा गोडवा होता. “इथे चार पडल्या की विषय संपला. मग घरी मी बोटसुद्धा लावत नाही. मोठ्या बाईंना तसा शब्दच दिलाय.”

“पालकांनी परवानगी दिली तरी शाळेत मारता येत नाही. कायदा आहे तसा.”

“असेल की. कायदा मुलांच्या भल्यासाठीच असतो.”

तिसरा फटका. पाठोपाठ मुलीची किंकाळी.

शिक्षिकेला प्रशिक्षणात बजावून सांगितलं होतं: मुलांवर हात उचलायचा नाही, आणि कुणी उचलताना दिसलं तर गप्प बसणाराही तितकाच दोषी. या मुलीच्या मानेवर कॉलरखाली हिरवट पडलेला जुना वळ तिने स्वतः पाहिला होता. त्याच दिवशी तिने धीर करून मुख्याध्यापिकांना कायद्याची आठवण करून दिली होती.

मुख्याध्यापिकांनी आधी दाराकडे पाहिलं होतं. मग हळू आवाजात म्हणाल्या होत्या, “तुमचा कायदा मला पाठ आहे. या मुलीच्या बाबतीत तेवढं नाक खुपसू नका. हात जोडते.”

चोर तो चोर, वर हात जोडतो! शिक्षिकेला तेव्हा चीड आली होती. त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

चौथा फटका. या वेळी मुलगी “नको ना, बाई!” म्हणून ओरडली.

शिक्षिकेने वह्या बाकावर आदळल्या. नोकरी गेली तर गेली.

“अहो मॅडम, थांबा—” वडील म्हणाले.

तिने दार ढकललं. ते सताड उघडलं.

मुलगी मुख्याध्यापिकांच्या खुर्चीत बसली होती. समोर गणिताची वही, एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हातात अर्धं बिस्कीट. पुढची किंकाळी फोडायला तिने तोंड उघडलेलं होतं. मुख्याध्यापिका सोफ्यापाशी गुडघे टेकून बसल्या होत्या आणि त्यांची छडी गादीवर उगारलेली होती.

“दार लावा,” त्या कुजबुजल्या. “आधी दार लावा.”

मुलगी शिक्षिकेकडे बघतच नव्हती. ती तिच्या मागे बघत होती. बिस्कीट तिच्या हातातून गळून पडलं.

वडील दारात येऊन उभे होते. त्यांनी गादीकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि दप्तर खांद्याला अडकवलं.

“बरं झालं दार उघडलंत, मॅडम,” ते तितक्याच गोड आवाजात म्हणाले. मग मुलीकडे वळले. “चल, घरी.”