बर्फाळ चंद्रावरचा कापूर

हवेच्या दाबाचा आकडा काही केल्या खाली येईना. रेवाने दोन्ही तळवे पोलादी टाकीवर टेकले, जणू उरलीसुरली हवा ती हातांनीच पिळून काढणार होती.

टाकीत गुरूचा चंद्र युरोपा होता. म्हणजे उणे एकशे सत्तर अंशांवर गोठवलेला चमचाभर बर्फ. पण चेन्नईजवळच्या तांबरमच्या उकाड्यात त्याला चंद्रच म्हणायचं. खऱ्या युरोपावरची हवा म्हणजे हवा कसली, अफवाच. कणाला कण भेटत नाही. ऐन दिवाळीत टी. नगरच्या अख्ख्या बाजारात एकच गिऱ्हाईक फिरावं, तसं. पाण्याचा कण बर्फावर पडला की तिथेच चिकटतो. ऑक्सिजनचा मात्र टुणकन उडतो, पडतो, पुन्हा उडतो. ते उडणं रेवाला मोजायचं होतं. चार वेळा टाकीने दगा दिला होता. आज चार वाजता टाकी दुसऱ्या गटाकडे जाणार होती, महिनाअखेर शिष्यवृत्ती संपणार होती. पाच वर्षं आजच्या दिवसावर येऊन टांगली होती.

प्रयोगशाळेचे प्रमुख दिनानाथ सर टाकीतल्या कणांची वजनं दाखवणाऱ्या पडद्याशी वाकले. ऑक्सिजनच्या जागेपासून लांब, पंच्याण्णववर, भलतीच रेघ उभी होती. त्यांनी पदार्थांची यादी चाळली आणि ओरडलेच, "कापूर! टाकीत कापूर आहे!"

सगळ्या माना वेंकोबाकडे वळल्या. तंजावरकडचा हा म्हातारा तंत्रज्ञ तीस वर्षं दर शुक्रवारी टाकीच्या दाराला गंधकुंकू लावायचा, कापूर ओवाळायचा. त्याला सगळ्यांत जास्त हसायची ती रेवाच. "अण्णा, पंपाला नैवेद्य कधी?"

"मी बाहेरून लावतों, सार," वेंकोबा म्हणाला. "आंत कधी हात घालत नाहीं."

"मग कापूर काय गुरूवरून आला? पोरीची पाच वर्षं जाळलीत तुम्ही! उद्यापासून दारात पाऊल टाकू नका."

वेंकोबाने रेवाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. "घातला असेन, सार. म्हातारपण."

वेंकोबा दारापर्यंत पोचला.

"सर, अण्णांनी नाही," रेवा म्हणाली. "काल दार बंद करण्याआधी कापराची वडी मीच आत ठेवली. चार वेळा नुसत्या विज्ञानावर सोडून पाहिलं होतं."