झडतीतला एक शब्द

बैल तोरणाखाली उभे राहिले, घनश्यामनं झडती म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात गावचे पाटील पुंडलिकराव यांनी हात वर केला. कळंबजवळच्या त्या गावात पोळ्याची झडती कोणी अडवल्याचं आजवर कोणाला आठवत नव्हतं.

वर्षभर तोंड दाबून बसणारा माणूस या एका दिवशी झडतीत, म्हणजे बैलांपुढं मोठ्यानं म्हणायच्या कवनात, मालकाला, मंत्र्याला, वाटेल त्याला तोंडावर सुनावतो आणि ऐकणाऱ्यानं हसून सोडून द्यायचं असतं. कापसाच्या पडलेल्या भावावर, बोगस बियाण्यावर, पॅकेज घेऊन आलेल्या साहेबांवर घनश्यामच्या झडत्या झाल्या, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं पुंडलिकरावच हसले होते. यंदा पाळी त्यांची होती. आखाडात त्यांनी लिंबाखालची, गावाच्या गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी उचलून आपल्या आवारात नेली होती. झडतीत 'जुलमी' असा शब्द आहे, हे त्यांच्या कानावर आलं होतं. त्यात घनश्याम त्यांचाच सालदार, वर्षाच्या बोलीवर त्यांच्याच शेतात राबणारा.

"जुलमी म्हने! हा शब्द आपला नाहीच," पुंडलिकराव म्हणाले. "बाई, सांगा याले, कुठचा हाये?"

शाळेतल्या सत्यशीलाबाई कडेला उभ्या होत्या. त्या घोळक्यात आपल्याला कोणी काही विचारेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"अरबी आहे," त्या म्हणाल्या.

"आयकलं? बाहेरचा शब्द आपल्या पोयात कायले पाह्यजे?"

बाईंनी इथं थांबायला हरकत नव्हती. पाटलांना हवं होतं ते मिळालं होतं. पण शिकवायची खोड वाईट.

"मूळ शब्द जुल्म. त्याचा जुना अर्थ असा सांगतात, की वस्तू तिच्या जागेवरून उचलायची आणि भलत्याच जागी नेऊन ठेवायची. असं करतो तो जुलमी."

कोणी हसलं नाही. माना तेवढ्या लिंबाकडं वळल्या. तिथं डोणीच्या आकाराची उघडी जमीन होती, गवत अजून धरलं नव्हतं.

पुंडलिकरावांचा चेहरा लाल झाला. "तो शब्द गाळून म्हन," ते घनश्यामला म्हणाले. "नाहीतर उद्यापासून माह्या वावरात पाय ठेवू नको."

घनश्याम भ्याला, आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. भर हंगामात साल सुटलं तर दुसरं कोण ठेवतं? त्यानं झडती म्हटली. तेवढा शब्द गाळून पुढं गेला आणि शेवटी महादेवाच्या नावानं हाक दिली.

या हाकेला सगळ्या गावानं ओ द्यायची असते. ती आली की तोरण तुटतं, बैल सुटतात, पोळा फुटतो. ओ आली नाही.

घनश्यामनं पुन्हा हाक दिली. बैलांची घुंगरं तेवढी वाजली. पाटलांची मानाची जोडी सगळ्यात पुढं अडकून होती. त्यांच्या घराच्या दारात पाटलीणबाई बेबीताई ओवाळायचं ताट घेऊन ताटकळल्या होत्या, दिव्यातलं तेल संपत आलं होतं. पोळा फुटलाच नाही तर तालुकाभर कोणाचं नाव होईल, हे पुंडलिकरावांना कोणी सांगायला नको होतं.

"म्हन आता," ते हळू आवाजात म्हणाले.

"काय म्हनू, मालक?" घनश्यामनं विचारलं. खरंच कळलं नव्हतं की काय, कोण जाणे.

पुंडलिकरावांनी त्याच्याकडं पाहिलं. मग बैलांकडं.

"जुलमी म्हन."

घनश्यामच्या तोंडून शब्द निघायच्या आत गावानं ओ दिली. तोरण तुटलं. बैल सुटले, ते मारुतीच्या देवळाकडं जायचं सोडून सवयीनं लिंबाखाली गेले, आणि सगळ्यात पुढच्या मानाच्या जोडीनं त्या उघड्या जमिनीला तोंड लावलं.