छतातली ओवी

‘गोदा माझी दूर गावी, तिला वाऱ्याची पालखी…’ मरणाआधी आईनं दामोदरच्या याच रेकॉर्डिंग स्टुडिओत गायलेली ओवी वीस वर्षांनीही त्याच्या कानात होती. आज छताला लावलेला, आवाज गिळणारा जुना लोकरी नमदा निघणार, म्हणून त्याची बहीण गोदा मुद्दाम आली होती.

“काका, गिळलेलं सगळं नमदा उचकटताना एकदाच बोलतो,” कारागीर इस्माईल म्हणाला. “ड्रिल बंद करू?”

“चालूच ठेव,” दामोदर म्हणाला.

“आईनं माझं नावही काढलं नाही म्हणालास ना, दादा?” गोदा म्हणाली. “मग घाम कशाला फुटलाय?”

नमद्याचा पहिला कोपरा सुटला.

“ड्रिल बंद कर रे!” दामोदर ओरडला. “गोदे, ओवी तुझीच होती. तीत माझं नाव नव्हतं, म्हणून टेप मीच पुसली.”