तळ्याकाठची आई

डॉक्टर वडील गेल्यावर विमलला माळ्यावर त्यांचा जुना प्रोजेक्टर एका रिळासकट सापडला. विमल दीड वर्षाची असताना आई वारली. त्यानंतर त्यांनी तो कधी लावलाच नव्हता. भिसेगावच्या बुधाजी मेकॅनिकने शिलाई मशीनचा पट्टा बसवून तो दुरुस्त केला. “खिडक्या लावा, ताई. आता चालंल.” रीळ खरखरलं आणि आजवर फोटोतच पाहिलेली आई भिंतीवर चक्क चालू लागली. पळसदरीच्या तळ्याकाठी पदर सावरत ती वळली, हसली, काहीतरी बोललीही. “आवाज नाय यात,” बुधाजी हळहळला. शेजारी बसलेल्या बहिऱ्या आत्याने विमलचा हात घट्ट धरला. आत्या माणसांच्या ओठांवरूनच बोलणं ओळखायची. “वहिनी म्हणतेय, ‘अहो, माझं काय काढताय? विमूचं काढा! चालायला लागली बघा!’” कॅमेरा खाली झुकला आणि झबल्यातली विमू आईचं बोट सोडून विमलच्या दिशेने निघाली.