दुसरा खण

जज्ज हॅस्केट हक्क वाचून दाखवत होते. वाचत कसले, रोजची पाठ आरती म्हणावी तसे घडाघडा म्हणत होते.

"ज्युरीपुढे खटला चालवून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. गुन्हा कबूल केलात की तो सोडला. समजलं?"

"हो, साहेब," आर्डेलिया स्टॅम्प्स म्हणाली.

"साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायचा हक्क आहे. तोही सोडला. समजलं?"

"हो, साहेब."

काउंटीच्या तुरुंगाचे नारिंगी कपडे तिला खांद्यात मोठे होत होते. अंगठीच्या चोरीच्या आरोपावरून एकेचाळीस दिवस ती आत होती. एकोणीस वर्षं वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढलं, पण कुणाच्या टेबलावरची पेपरमिंटची गोळीसुद्धा कधी उचलली नव्हती.

सरकारने दिलेला वकील तिला आज सकाळी पहिल्यांदा दिसला. ब्लेडसो त्याचं नाव. कॉरिडॉरमध्ये नऊ मिनिटं भेटला, बगलेत फायलींचा भारा घेऊन. "खटला लढलात आणि हरलात तर चार वर्षं," तो म्हणाला. "त्याऐवजी हलका गुन्हा कबूल केलात तर भोगलेले दिवस हीच शिक्षा. दुपारी घरी. वृद्धाश्रमातला मदतनिसाचा परवाना मात्र जाईल. सगळ्याला हो म्हणायचं. फक्त कुणी धमकावलं का, आमिष दाखवलं का असं विचारलं, की नाही म्हणायचं."

चार वर्षं ही धमकी नाही, आणि दुपारी घरी हे आमिष नाही! आर्डेलियाने दातावर दात आवळले होते. पण घरी आई होती. तिला हल्ली लेकीचं नाव आठवत नसे, शेगडी पेटवायची तेवढी आठवे आणि विझवायची आठवत नसे. इतके दिवस शेजारची ओलेटा तिच्यापाशी येऊन राहत होती. उद्या सकाळच्या बसने ओलेटा मेम्फिसला निघणार होती, मुलीच्या बाळंतपणाला. मग घरात उरणार आई आणि शेगडी.

"कबुलीसाठी कुणी धमकावलं? काही आमिष?"

"नाही, साहेब."

"ठीक. आता काय केलंत ते तुमच्या शब्दांत सांगा."

हे ब्लेडसोने सांगितलंच नव्हतं. बाकीचे जज्ज सरकारी वकिलांकडून वाचून घेत. हॅस्केटसाहेबांना आरोपीच्या तोंडून ऐकायला आवडे.

"मी अंगठी घेतली," ती म्हणाली. "वृद्धाश्रमातल्या टॉलिव्हर आजींची."

"कुठून?"

तिने ब्लेडसोकडे पाहिलं. ब्लेडसो फाइल चाळू लागला. जे केलंच नाही ते कुठून केलं, हे कुणाला ठाऊक असणार?

"साहेब, ते तुमच्या कागदात असेल ना?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. जज्जसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. सरकारी वकीलबाई भली मदत करावी तशा पुढे झुकल्या. "पलंगाशेजारचं खणांचं कपाट. दुसरा खण."

आर्डेलियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आजींच्या खोलीत खणांचं कपाट नव्हतंच. ईस्टरनंतर टॉलिव्हर आजींनी त्याच्या कोपऱ्यावर नडगी फोडून घेतली, तेव्हा झाडूवाल्या रस्कसोबत तिनेच ते ओढत कोठीत नेऊन टाकलं होतं. तेव्हापासून आजींचे कपडे पलंगाखालच्या दोन टोपल्यांत. अंगठी गेली ऑगस्टमध्ये. म्हणजे पोलीस त्या खोलीत पाऊल टाकायलाही गेले नव्हते. कुणीतरी काहीतरी सांगितलं, कुणीतरी ते लिहिलं, आणि न उघडलेल्या खणापायी ती एकेचाळीस दिवस सडली.

एक वाक्य. तेवढं बोललं की झालं. तिने तोंड उघडलं.

भिंतीवर पावणेबारा झाले होते. आई याच सुमाराला कॉफीचं भांडं चढवते.

"दुसऱ्या खणातून," आर्डेलिया म्हणाली.

"कबुली राजीखुशीने आणि समजून-उमजून दिल्याची नोंद घ्या," जज्जसाहेब म्हणाले.

ब्लेडसोने हसून तिच्या पाठीवर थोपटलं. "छान निभावलंत. आज जेवायला घरी."

"त्या खोलीत कपाटच नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "एप्रिलपासून नाही. मीच हलवलं. रस्कला विचारा."

त्याचा हात पाठीवरच राहिला. "आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलंत कधी? नऊ मिनिटं भेटलात, त्यातली आठ तुम्हीच बोलत होतात!"

त्याचा चेहरा उतरला. "आत्ताच्या आत्ता सांगतो. कबुली मागे घ्यायची परवानगी मागू. पण मग..."

"मग मी परत आत. किती दिवस?"

"नोव्हेंबरपर्यंत. कदाचित जास्त."

"आणि तोवर माझ्या आईची शेगडी कोण विझवेल? तुम्ही?"

कारकुनाने पुढचं नाव पुकारलं. तेही अशील ब्लेडसोचंच होतं. त्याने भाऱ्यातून दुसरी फाइल ओढली आणि तिच्याकडे न बघता पुढे गेला.

नखांत रंग अडकलेला एक थोराड रंगारी, नारिंगी कपड्यांत, जज्जसाहेबांपुढे उभा राहिला.

"ज्युरीपुढे खटला चालवून घ्यायचा तुम्हाला..."

"हो, साहेब," तो म्हणाला.